छत्रीखालचे जंतूसाहेब

पाऊस बाहेर पडायचा आणि आमचे जंतूसाहेब छत्री आत उघडायचे. पत्र्याच्या पक्क्या छताखाली, कोरड्या फरशीवर, डोक्यावर काळी छत्री, डोळ्यांवर निळा गॉगल, तोंडावर चार पदरी पांढरं फडकं. असे ते रोज सकाळी बाटल्या भरायच्या खोलीत एकटेच फेऱ्या घालत. काम सुटलं की तीच छत्री मिटून खुंटीला लावायची आणि धो धो पावसात उघड्या डोक्यानं घरी जायचं. मी एकदा म्हटलं, "साहेब, छत्री नेत जा नं जी घरी."

"ते आतली छत्री हाय. बाहेर नेली का बाहेरचं सारं घेऊन येते."

"पण तुमी भिजता नं."

"पावसानं माणूस ओला होते. आंबत नाई."

आंबणं ही त्यांच्या लेखी जगातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. चोरी, खोटं बोलणं, दारू, हे सगळं त्यानंतर.

नागभीड स्टेशनापलीकडे धानाची एक बंद पडलेली गिरणी होती. ती एका सेठनं घेतली आणि तिथे आवळ्याचा मुरंबा करायचा कारखाना घातला. हिवाळ्यात रानातला आवळा बैलबंड्या भरभरून यायचा. बायका तो टोचायच्या, उकडायच्या आणि पाकात घालून मोठमोठ्या चिनी मातीच्या बरण्यांत मुरत ठेवायच्या. पावसाळ्यात त्या बरण्या उघडायच्या, मुरंबा काचेच्या बाटल्यांत भरायचा आणि दिवाळीच्या आत अरुंद रुळांच्या लहान गाडीनं नागपूरला धाडायचा. मी गिरणीचं जुनं तेलाचं इंजिन चालवायचो. शाळा माझी चौथीपर्यंत, पण इंजिनाला काय दुखतं ते मला आवाजावरून कळायचं. माझी बायको भागरता भरायच्या खोलीत तीस बायकांवर मुकादमीण होती. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात ती माझ्यावरही मुकादमीण होती.

भागरता गेल्या माघात गेली. हे लिहिताना ती शेजारी असती तर प्रत्येक ओळीला म्हणाली असती, "असं नाई झालं." आता मला कोणी अडवणारं नाही. म्हणून जपून लिहितो आहे.

तर पहिल्याच वर्षी अर्धा माल बुरशीनं गेला. बाटलीचं झाकण काढलं की आत मांजराचं पिल्लू झोपलंय असं वाटायचं. बरण्यांतला मुरंबा चांगला असायचा, आणि बाटलीत भरला की आठ-पंधरा दिवसांत पांढरा. बायकांनी बाटल्या उकळल्या, झाकणं उकळली, फरशी राखेनं घासली. काही फरक नाही. मग सेठनं कुठून तरी ऐकून आरमोरीकडचा एक माणूस आणला. लढाईच्या दिवसांत हा गडी तिकडे आसामात फौजेच्या दवाखान्यात होता. डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत नळ्या धुवायचा. धुता धुता बरंच शिकला. लढाई संपली, दवाखाना उठला, सामान भंगारात निघालं, तेव्हा बाकीच्या लोकांनी घोंगड्या घेतल्या, बूट घेतले. ह्यानं एक दिवा घेतला. हातभर लांब काचेची नळी आणि तिच्यासोबत एक लोखंडी पेटी, जी उचलायला दोन माणसं लागत.

आल्या आल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, "मुरंबा कोण खराब करते?"

भागरता म्हणाली, "आमी नाई जी."

"हवा करते. हवेत ते बसून हायेत. आत्ता. तुझ्या नाकासमोर बी हायेत."

भागरतानं नाकासमोरून हात फिरवला. "दिसत तं नाई."

"दिसले असते तं तुमी त्याईले बसाले पाट देला असता," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव जंतूसाहेब पडलं.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. आम्हाला सगळ्यांना ते अरे-तुरे करायचे. सेठलासुद्धा, सेठ पाठमोरा झाला की. पण जंतूंना मात्र अहो-जाहो. नुसतं अहो-जाहो नाही, महाराज. दर सोमवारी ते उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या बशांत घालून खोलीच्या चार कोपऱ्यांत तासभर उघड्या ठेवायचे. मग वरून दुसरी बशी उपडी घालून कपाटात. गुरुवारी बशा निघायच्या. चकत्यांवर बुरशीचे ठिपके आलेले असायचे. ते ठिपके मोजून ते मोठ्यानं वाचून दाखवत आणि बायका पंचांग ऐकावं तशा ऐकत.

"काळे महाराज बारा. हिरवे महाराज नऊ. पिवळे सरदार, या जी, तुमी बी आले, सहा."

एकदा मी विचारलं, "साहेब, माणसाले अरे आन् जंतूले महाराज, हे काऊन?"

"तू मले दिसून राह्यला. तुह्यापासून मले काय धोका?"

दिवा बसवायचं काम माझ्याकडे आलं. इंजिनाच्या पट्ट्यावर डायनामो जोडला आणि त्याची वीज त्या लोखंडी पेटीतून दिव्याला दिली. त्यांनी पत्र्याची एक लांब डोणी करून घेतली, त्यात तो दिवा निजवला आणि डोणी छताखाली टांगली, तोंड वर करून. म्हणजे उजेड वर छताकडे जायचा, खाली कोणाच्या डोळ्यांत यायचा नाही. खालून फक्त छतावर निळसर झाक दिसायची. दिवा लागला की रानात वीज कडाडून गेल्यावर येतो तसा वास यायचा. मी म्हटलं, "मुरंबा तं खाली हाय, दिवा वरची हवा काऊन भाजते?"

"तुही माय सुपात धान पाखडे का नाई? दाणा खाली, फोल वर. तशी ही हवा. खालची वर जाते, वरची खाली येते. वर गेली का दिवा तिले पाखडते. खाली येते ते निवडलेली येते."

हे मला पटलं. पत्र्याच्या डोणीत बसलेला दिवा हवा पाखडतो, ह्याहून जास्त मला आजही कळलेलं नाही आणि गरजही पडलेली नाही.

छत्री कशाला, हा प्रश्न उरला होता. तो भागरतानं विचारला. जंतूसाहेब म्हणाले की हा उजेड फार वेळ अंगावर पडला तर कातडी लाल होते, आणि तो छतावर आपटून थोडाफार खाली येतोच. "तुमच्या डोक्यावर पदर हाय. मी कुठून आणू पदर?"

त्यावर एक म्हातारी म्हणाली, "माह्यं जुनं लुगडं देऊ का, साहेब?" आणि तीसच्या तीस बायका हसल्या. साहेब तिथेच बोट वर करून उभे. "हसा, हसा. एका हासण्यात चाळीस महाराज उडले. बरणी झाका अगोदर, मंग हसा."

गाण्याचा तंटा मात्र मोठा झाला. आमच्याकडच्या बायका गाण्याशिवाय काम करत नाहीत. रोवणीला गातात, कापणीला गातात, मुरंबा भरतानाही गायच्या. साहेबांनी गाणं बंद केलं. गाण्यातून थुंकी उडते, थुंकीवर महाराज बसून येतात. पहिल्या दिवशी निम्म्याच बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. भागरता त्यांच्यासमोर कमरेला हात लावून उभी राहिली.

"साहेब, आमचं तोंड बंद केलं तं आमचे हात चालत नाई. दोन्ही एकाच पट्ट्यावर हायेत."

पट्ट्याचा दाखला तिनं माझ्या इंजिनावरून घेतला होता. मला अभिमान वाटला.

साहेब रागावले नाहीत. विचारात पडले. त्यांचं हेच वेगळेपण होतं. दुसरा असता तर ओरडला असता, ह्यांनी बटाटे उकडले. एका चकतीसमोर चार बायकांना बसवून एक आख्खं गाणं म्हणवलं. दुसरीसमोर त्याच चार बायका तेच गाणं तोंड मिटून गुणगुणल्या. चकतीसमोर वाकून, डोळे मिटून गाणाऱ्या त्या बायका पाहून मला इंजिनाच्या खोलीत जाऊन हसावं लागलं. गुरुवारी निकाल लागला. "गाणं, सोळा महाराज. गुणगुण, एक. तो एक बी आपल्या पायानं आला असंल."

तेव्हापासून हुकूम निघाला, गाणं म्हणायचं ते तोंड मिटून. तीस बायका ओठ मिटून गुणगुणायच्या. त्यांचा आवाज पत्र्याला लागून सगळ्या गिरणीभर घुमायचा. माझ्या इंजिनाचा सूर आणि त्यांचा सूर कधी कधी असा जुळायचा की मला वाटायचं इंजिनाला बायको मिळाली.

ह्या हुकुमाची बातमी सेठला नव्हती. तो एक दिवस खाचरानं, म्हणजे बैलांच्या छोट्या गाडीनं, आला, दाराशी उतरला आणि त्यानं तो आवाज ऐकला. आमच्या भागात असा आवाज एकाच गोष्टीचा असतो, आग्यामोहोळाचा. सेठनं धोतर वर धरलं आणि परत खाचराकडे पळाला. खाचरवाला त्याच्याआधीच बैल सोडून बोरीच्या झाडामागे. सेठ खाचरात पोत्याखाली शिरला. इकडे साहेबांना कळलं की मालक आले आहेत. ते घाईनं बाहेर आले, गॉगल, तोंडावर फडकं, हातात छत्री, सगळं तसंच. पोत्याच्या फटीतून सेठनं पाहिलं, हा माणूस तर मोहोळ झाडायच्या तयारीनंच आला आहे.

"किती मोठं हाय?" सेठ पोत्याआडून.

"तीस बाया हायेत, मालक."

"तीस बायाईले चावलं?"

हे समजावून सांगायला अर्धा तास गेला. सेठ त्या दिवशी काही न पाहताच परत गेला. भागरता ही गोष्ट पुढं पन्नास वर्षं सांगायची, आणि सांगताना सेठचं पोतं दाखवायला तिला दर वेळी घरातलं अंथरूण लागायचं.

दिवा लागल्यापासून ठिपके उतरत गेले. सत्तावीस, अकरा, पाच, तीन. तीनवर आले त्या गुरुवारी साहेबांनी सगळ्यांना गूळ वाटला, हात न लावता, चमच्यानं.

आता आमची चूक सांगतो. आमची म्हणजे माझी आणि भागरताची.

भादवा जवळ आला की धानाच्या बांधीतले, म्हणजे शेतातले, किडे उजेडावर झुंबड करतात. दिवे लागायच्या वेळेला तर भिंती हलतात की काय असं वाटतं. ते किडे वर डोणीत पडायचे, नळीला चिकटायचे, एखादा तिथून उडून थेट पाकात. रोज सकाळी दिवा लावायच्या आधी भागरता शिडीवर चढून स्पिरिटच्या कापसानं नळी पुसायची. साहेब स्वतः चढत नसत. त्यांना शिडीच्या दुसऱ्या पायरीवर घेरी यायची. ते खाली छत्री घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "हलक्या हातानं, बाई. ते एकच लेकरू हाय माह्यं." त्यांचं लग्न झालेलं नव्हतं.

एकच लेकरू, हे भागरताच्या मनाला लागलं. आम्हालाही तेव्हा मूल नव्हतं. घरी येऊन ती मला म्हणाली, "अजी, त्या दिव्यावर काच टाकली तं?"

"टाकू. काच कुठून आणतं?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. आमच्या घरात काचेची वस्तू एकच होती, लग्नात आलेली लक्ष्मीची तसबीर. हातभर लांब.

"देवाची काच काढतं का वं?"

"लक्ष्मी कमळावर उघडीच तं उभी हाय. तिले कोणता किडा चावते?"

पोळ्याच्या दिवशी कारखान्याला सुटी होती. आम्ही दोघं गेलो, काच डोणीच्या तोंडावर ठेवली. अशी बसली की जशी मापानं कापून आणली. दुसऱ्या दिवशी किडे काचेवर आपटून मरून पडले, नळी स्वच्छ. खालून काही दिसत नव्हतं. छतावर निळी झाक होती तशीच. आम्ही साहेबांना मुद्दाम सांगितलं नाही. एक दिवस त्यांच्याच लक्षात येईल, विचारतील, हे कोणी केलं, आणि आम्ही आपलं खाली पाहू, असं आमचं ठरलं होतं.

एक गोष्ट मला जाणवली होती. वीज कडाडल्याचा तो वास येईनासा झाला. पण मला पावसाळाभर पडसं असायचं. मी नाकाला दोष दिला.

पुढच्या गुरुवारी साहेबांनी बशी उघडली आणि वाचायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. अकरा. त्यापुढच्या गुरुवारी एकोणीस. मग एकतीस.

माणूस असा सैरभैर झालेला मी पाहिला नाही. पहिल्यांदा गुणगुणणं बंद झालं. मग तीस बायकांची नखं तपासली. मग मी तंबाखू खातो म्हणून माझं तोंड उघडायला लावून आत कंदील धरला. मी म्हटलं, "साहेब, मी तं इंजिनापाशी असतो." ते म्हणाले, "महाराजाईले रस्ता मालूम हाय." सगळे निर्दोष निघाल्यावर त्यांना एकच गुन्हेगार उरला, स्वतः. त्यांनी बोलणं सोडलं. गळ्यात पाटी अडकवली आणि खडूनं लिहून हुकूम द्यायला लागले. आमच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं पाटी दिसली की सगळ्या बायका भागरताकडे पाहायच्या आणि ती माझ्याकडे. एकदा मी पाहिलं, खोलीत कोणी नाही असं समजून ते छताकडे पाटी धरून उभे होते. पाटीवर लिहिलं होतं, महाराज, काऊन?

तेवढ्यात नागपूरहून पेट्या परत आल्या. पोळ्यानंतर भरलेला माल, सगळ्यात पांढरी लव. सेठ शनिवारी आला. ह्या वेळेला गुणगुण नव्हती, त्यामुळं थेट आत आला.

"तुह्या दिव्यानं काय केलं? निळा उजेड केला. उजेड तं मले कंदिलाचा बी चालला असता." मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "पुढच्या शनिवारपर्यंत पाहतो. मंग दिवा भंगारात, हा गडी गाडीत, आन् गिरणी पुन्हा धानाची."

धानाची गिरणी झाली असती तर माझं इंजिन चालूच राहिलं असतं. पण भागरताची खोली गेली असती. तीस बायका पुन्हा दुसऱ्याच्या बांधीत. त्या खोलीत तिचा शब्द चालायचा. दुसरीकडे कुठे चालायचा? त्या रात्री ती जेवली नाही. मला म्हणाली, "मले माह्यं नाई वाटत. तो माणूस कुठी जाईल त्या पेटीले घेऊन?"

रविवारी आम्ही साफसफाईला गेलो तर साहेब एका उपड्या टोपल्यावर बसलेले, पाटी मांडीवर, कोरी. छत्री मिटलेली. त्यांना आत छत्री मिटून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. भागरता त्यांच्यासमोर खाली बसली. तिला त्यांना जरा बरं वाटेल असं काहीतरी सांगायचं होतं, आणि तिच्याजवळ सांगण्यासारखं एकच होतं.

"साहेब, सारे तुमच्यावर उलटले. पण तुमच्या लेकराची मी फिकीर केली जी. पोळ्यापासून त्याच्यावर एक किडा पडू नाई देला."

साहेबांनी पाटीवर लिहिलं, कसं?

मी वाचून सांगितलं. ती म्हणाली, "काच टाकली नं. घरची. लक्ष्मीची."

खडू खाली पडला. आठ दिवसांनी त्यांचा आवाज फुटला, तोही गंजलेला. "काच?"

ते उठले. छत्री उघडली आणि शिडी चढायला लागले. दुसऱ्या पायरीवर थांबले, डोळे मिटले, आणि पुढं गेले. मी शिडी घट्ट धरली. वर पोचल्यावर कितीतरी वेळ छत्रीच्या आड काही दिसेना. मग छत्री हलायला लागली. भागरताच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं माणूस रडतो आहे. मग वरून असा आवाज आला की पत्र्यावरचं कबुतर उडालं. साहेब हसत होते. तोंड उघडं टाकून, फडकं हनुवटीखाली, चाळीस काय चारशे महाराज उडवत हसत होते.

"बाई, तू शिपायाले कोठडीत घालून त्याच्या टोपीले सलाम करून राह्यली."

खाली उतरून त्यांनी सांगितलं ते असं. निळा उजेड दिसतो तो मारत नाही. तो नुसता गणवेश. मारणारा उजेड वेगळा, तो दिसत नाही, आणि साध्या काचेतून तो जात नाही. तिकडे दवाखान्यात डॉक्टर लोक असा दिवा पाहायचा असला तर खिडकीच्या काचेआड उभे राहून पाहत. काच म्हणजे त्या उजेडाला भिंत.

भागरता पांढरीफटक. "म्हंजे माह्याच्यानं झालं."

मी शिडीकडे धावलो, काच काढायला. साहेब ओरडले, "थांब. हात नोको लावू. आत्ता आलू उकड."

त्यांचे डोळे चमकत होते. चार महिने हा माणूस सेठला सांगत होता की दिवा काम करतो, आणि सेठ म्हणत होता, हवेचा काय भरवसा, एखाद्या आठवड्याला चांगली असते, एखाद्याला वाईट. आता आमच्या चुकीनं त्यांच्या हातात पुरावा आला होता. रविवारी काच ठेवून बशा मांडल्या. सोमवारी काच काढून. मंगळवारी पुन्हा काच ठेवून. बुधवारी पुन्हा काढून. काढा-ठेवायचं काम माझं.

सोमवारी काच काढल्यावर मला वाटलं, तो न दिसणारा शिपाई एकदा पाहावा. दिवा लागलेला होता. शिडीवर उभा राहून मी चांगला टक लावून पाहिलं. काही दिसलं नाही. संध्याकाळी डोळ्यांत मूठ मूठ रेती भरल्यासारखं झालं आणि दोन दिवस मला डोळे उघडता आले नाहीत. साहेब म्हणाले, "शिपायानं तुले पाह्यलं." डोळ्यांवर ओलं फडकं बांधून मी इंजिनापाशी स्टुलावर बसलो. भागरतानं शिडी चढून काच काढली-ठेवली आणि इंजिनही चालवलं. मी आवाज ऐकून सांगायचो, तेल टाक, पट्टा सरकला, आता दम दे. ती म्हणायची, "हेच तं मी चार वर्षांपासून तुमच्यासंगं करून राह्यली." आंधळा माणूस, वर बायको इंजिन चालवते, आणि आत बटाट्यांवर तीस बायकांचं भविष्य. मी आयुष्यात इतका कधी हसलो नाही.

शनिवारी सेठ आला. साहेबांनी टेबलावर चार बशा मांडल्या.

"हे काय, आलूच्या भाजीचा बेत हाय?"

"मालक, आलू एकाच पोत्यातले. खोली तेच, बाया त्याच, दिवा तोच. फरक एका काचेचा. मोजा."

सेठनं खिशातली पेन्सिल काढली आणि स्वतः मोजलं. काच असलेली बशी, चौतीस. काच नसलेली, पाच. पुन्हा काच, तीस. पुन्हा काढली, दोन. त्यानं शेवटची बशी उचलून नाकाजवळ नेली, फिरवून पाहिली. मग विचारलं, "म्हंजे मधात काच होती. माह्या पेट्या वापस आल्या तवा बी होती. कोणं ठेवली?"

भागरतानं तोंड उघडलं. तिच्याआधी मी उघडलं. आमच्या दोघांच्याही आधी साहेब बोलले.

"मी ठेवाले लावली. तुमाले दिव्याचा भरवसा नोता. काच लावल्याबिगर दाखवता आलं नसतं."

"आन् माल खराब झाला तो?"

"तो माह्या नावावर. बाईच्या नाई."

सेठनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे. व्यापारी माणूस, त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. त्यानं साहेबांच्या नाकावरचा गॉगल काढून स्वतः घातला, त्यांची छत्री घेतली आणि खोलीच्या मधोमध जाऊन छताकडे पाहत उभा राहिला. छत्री डोक्यावर असल्यामुळं त्याला छत दिसणं शक्यच नव्हतं. पण बराच वेळ पाहिल्यासारखं केलं.

"दिवाळी होऊ दे, मंग पाहू," तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि परत वळला. "आन् त्याईले गुणगुणू दे. खोली मेल्यावाणी वाटते."

तो गेल्यावर भागरता म्हणाली, "साहेब, तुमी खोटं काऊन बोलले जी?"

"तोंडावर फडकं होतं. बाहेर नाई उडलं."

दिवाळी झाली, त्यापुढची झाली, आणखीही झाल्या. गुरुवारच्या बशा वाचायचं काम त्यांनी भागरताला दिलं. ती महाराज म्हणत नसे. "काळे मेले दोन," असं वाचायची. साहेब कानांवर हात ठेवायचे. मग एका पावसाळ्यात नळी विझली. तशी दुसरी कुठे मिळाली नाही. साहेबांनी विझलेली नळी स्वतःच्या धोतरात गुंडाळली आणि लहान गाडीत बसले. पाऊस होता. मी आणि भागरता छत्री घेऊन स्टेशनावर धावलो. त्यांनी घेतली नाही. "आतली हाय ते," म्हणाले. गाडी सुटताना त्यांनी आम्हाला पहिल्यांदा अहो म्हटलं. "येतो जी," म्हणाले, दोघांनाही. त्यानंतर ते आम्हाला दिसले नाहीत.

काच त्यांनी भागरताला त्याच शनिवारी परत दिली होती, पुसून. ती लक्ष्मीवर पुन्हा बसली. पुढं लक्ष्मीला वाळवी लागली, चौकट गेली, काच राहिली. लुगड्यात गुंडाळून भागरतानं ती पेटीत ठेवली, आणि स्वयंपाक करताना तोंड मिटून गुणगुणायची सवय जशी तिनं ठेवली तशीच ती काचही. शेवटच्या महिन्यात तिला बोलता येत नव्हतं. गुणगुणता येत होतं.

माघात तिचा फोटो मोठा करून आणला. चौकटवाला नवी काच बसवत होता. मी लुगड्यातून जुनी काढून दिली.

"बाबाजी, जुनी काऊन? नवी साफ दिसंल."

"हे बी साफच दिसते," मी म्हटलं. "आन् जे मारते ते हिच्यातून येत नाई. मी पाहून ठेवली हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काच कापली. आता रोज सकाळी मी फोटो पुसतो, समोर बसतो, तोंड मिटतो आणि गुणगुणतो. मला सूर एकच येतो, इंजिनाचा. ती वरून ऐकत असेल तर नक्की म्हणत असेल, तेल कमी पडून राह्यलं.